गुडघाभर पाणी

त्रिशला, तुझ्या त्या गावाचं नाव
मला अजून नीट घेता येत नाही.
पुढचं 'बाड' तेवढं ध्यानात राहिलं.
आमच्यात बाड म्हणजे तलाठ्याकडचा गठ्ठा,
तुमच्यात न्हाणी. चालायचंच.

तू फोन फिरवून दाखवलास:
वाफाळत्या पाण्यात गळ्यापर्यंत म्हाताऱ्या,
डोक्यावर रबरी टोप्या,
ताकावर लोण्याचे गोळे तरंगावेत तशा.
तीन आठवडे नुसतं भिजायला येतात म्हणालीस,
डॉक्टर चिठ्ठीवर पाणी लिहून देतो.
मी तुझ्या बापाला सांगितलं.
ते म्हणाले, चिठ्ठीवर पाणी इथंही मिळतं,
पाटकरी लिहून देतो,
मग लाइट नसते.

आणि तो पूल. लाकडाचा, वर कौलं,
मधोमध पांढरा पट्टा,
पलीकडं दुसरा देश,
आणि तू तिथं दही आणायला चालत जातेस!
मला हसू आलं, कारण त्याच सकाळी
मी बंधाऱ्यावरनं दत्तवाडला गेले होते
चष्म्याची दांडी बसवायला.
आपल्या बंधाऱ्यावर पट्टा नाही.
चौथ्या का पाचव्या गाळ्याला राज्य बदलतं म्हणतात,
नक्की कुठल्या ते
बरगे बसवणाऱ्या बाहुबलीलाही ठाऊक नाही.
तिकडची पोरं पेट्रोलला इकडं येतात,
इकडची क्लासला तिकडं जातात.
पावसाळ्यात बंधारा बुडाला
की सगळी आपापल्या घरी.

मी त्या काठची. सदलग्यात आले तेव्हा
सासू सकाळपासून म्हणायच्या, नीरु, नीरु.
मी दाराकडं बघत बसले,
ही नीरू नावाची बाई येते कधी.
मग त्यांनी रिकामी घागर दाखवली.
तू परवा म्हणालीस, तिथं पाण्याला वासर म्हणतात.
मी म्हटलं, दोन आहेत गोठ्यात, पाठवू का?
तू हसलीस, पण तुझा आवाज बसला होता.
मी विचारलं नाही.

त्या दिवशी फोन बंद करायला विसरलीस.
तुझ्या हातात कुणा बाईचा गुडघा,
गोरा, सुरकुतलेला, सुजलेला,
आणि तू त्यांच्या भाषेत आकडे मोजत होतीस.
आकडे कळले नाहीत. ठेका कळला.
तुला पाटावर घेऊन तेल चोळताना
मी त्याच ठेक्यात मोजायची,
आठावर जरा थांबायची, कारण
आठावर तू लाथ मारायचीस.
तूही आठावर थांबलीस.
का कोण जाणे. त्या बाईनं तर लाथ मारली नाही.

माझ्या गुडघ्यांचं विचारतेस ना.
टॉवेलची गुंडाळी खाली घेऊन
दाबते रोज, खोटं कशाला सांगू,
एक दिवसाआड.
कारखान्याचं पाणी सुटतं तेव्हा नदी
काकवीसारखी होते, वास मारते,
तेव्हा मी तिकडं फिरकत नाही.
काल मात्र स्वच्छ होती.
लुगडं वर खोचलं, बंधाऱ्याच्या पायरीवर बसले,
दूधगंगेत गुडघे बुडेपर्यंत.
तुझ्यासारखं ऊन पाणी नव्हे,
पण दिवसभर तापलेलं, कोमट.
बारके मासे पोटऱ्यांना टोचत होते,
त्याचे तिथं वेगळे पैसे पडतात म्हणे.

वीस मिनिटं बस म्हणाली होतीस.
घड्याळ घरी राहिलं.
कनवटीचा फोन
एकदा महाराष्ट्रात स्वागत आहे म्हणाला,
जरा वेळानं कर्नाटकात,
मग पुन्हा महाराष्ट्रात.
मी जागची हललेही नव्हते.
तिसऱ्या स्वागताला उठले.
सूर्य उसाला टेकला होता,
मावळायच्या आत जेवायचं होतं.