कोटिनिन

मी कोळसा पेटवतो. ओढत नाही.
सदरमध्ये, जिमच्या वर दुसरा माळा,
बोर्डावर 'हर्बल', खिडक्यांना काळी फिल्म.
मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस,
आमचे निखारे त्यात धरलेले नाहीत.

पोरं ओरडतात, "भाऊ, ढिली झाली बे आग!"
मी चिमटा घेऊन जातो, फॉइलवर नवा ठेवतो.
पहिला दम मारून द्यायचं काम परसरामचं.
मी फक्त उभा असतो तिथे,
रोजचे नऊ तास.

विम्याच्या फॉर्मवर विचारलं होतं, धूम्रपान?
मी 'नाही'वर टिक केली, चांगली दाबून.
धंतोलीच्या लॅबमध्ये डबी भरून दिली.
चौथ्या दिवशी एजंट चौरागडेंचा फोन :
"हंसराज, खोटं काऊन लिहिलं गा?
हप्ता आता ओढणाऱ्यांचा लागंन."

लॅबच्या बाईंना जाऊन भेटलो.
म्हटलं, मॅडम, धूर तर पाण्यातून गाळून येतो
(मालक गिऱ्हाइकांना हेच सांगतो).
त्या हसल्या नाहीत.
निकोटीनचं अंगात कोटिनिन होतं, म्हणाल्या,
आणि कागदावरच्या आकड्याखाली
निळ्या पेनानं रेघ मारली.

रात्री दोनला इंदोऱ्यात पोचतो.
शर्ट खुंटीवर.
सकाळी पोरगी त्यात नाक खुपसते,
आमचा जुना खेळ : कालचा फ्लेवर ओळख.
"पान. पुदिना...
नाही, थांबा बाबा, संत्रा!"

बरोबर ओळखते.
कधीच चुकत नाही.