घंटेचा दोर

चिलोए बेटाच्या दक्षिण टोकाला, आमच्या खाडीवर,
फादर वर्षातून दोनदा येतात, बोटीनं,
तेही समुद्राच्या मनात असलं तर.
बाकीचे रविवार आम्हीच वाचतो, आम्हीच चुकतो.
एलेउतेरिओ काका चष्मा पुसत प्रार्थना सांगतात,
घंटा मी वाजवतो.
चौतीस वर्षं.

त्यातली एक रात्र मी वाजवली नाही.
म्हणजे वाजवली, मध्यरात्रीपर्यंत.
धुकं असं, की आपलीच बोटं परकी वाटावीत.
एदेल्मिराचा नवरा होडी घेऊन बाहेर होता.
ती पायरीवर बसून म्हणाली होती, थांबू नकोस.
दोर भिजला, तळवे सोलले,
मला वाटलं, आता कोण येतंय.

सकाळी होडी किनाऱ्याला लागली, पालथी.
तिनं मला काही विचारलं नाही.
फक्त चर्चला यायची थांबली. अकरा वर्षं.
आम्ही दर रविवारी तिचं नाव घेऊन प्रार्थना करायचो.
तिचं दार चर्चपासून दोनशे पावलांवर,
ती पावलं आमच्यातलं कुणी चाललं नाही.
मी तर नाहीच.

यंदा समुद्रानं तिच्या घराखालची माती खाल्ली.
स्वयंपाकघराचा खांब हवेत लोंबायला लागला,
त्याच्याखाली उभ्या राहून कोंबड्या समुद्र बघायच्या.
आमच्याकडं घर असं टेकीला आलं तर सोडून देत नाहीत,
ओंडक्यांवर चढवतात, बैल जुंपतात, माणसं जुंपतात,
आणि अख्खं घर, पडद्यांसकट, चालायला लागतं.
पण घरधन्यानं दारोदार जाऊन विचारायचं, अशी रीत.
एदेल्मिरा कुणाच्या दारी गेली नाही.

मग सणाचा रविवार. वेदीवर फुलं,
फादरांचा निरोप: वारा आहे, उशीर होईल.
काकांनी पुस्तक उघडलं, एक ओळ वाचली,
खिडकीतून पाण्याकडं पाहिलं, पुस्तक मिटलं.
"उधाणाची भरती दोनला आहे," एवढंच म्हणाले.
आमेन कुणी म्हटलं नाही.
बाकं सरकल्याचा आवाज झाला.

ती दारात उभी, हाताला पीठ.
"मी कुणाला बोलावलेलं नाही."
"माहीत आहे," काका म्हणाले. "चूल विझव."

सणाचे बूट घोट्यापर्यंत चिखलात.
बार्तोलाबाई पिसाच्या टोपीसकट चुलीचं धुराडं खांद्यावर घेऊन.
बांधावरून सात वर्षं अबोला धरलेले कार्कामो भाऊ
एकाच ओंडक्याला खांदा लावून एकमेकांना शिव्या देत होते,
निदान बोलत तरी होते.
बैलांच्या सहा जोड्या. घर हलेना.
सातवी जोडी आली, तर दोर कमी पडला.
सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मनोऱ्यात चढताना पायऱ्या मोजल्या, कशासाठी कोण जाणे.
गाठ जुनी, मीच मारलेली. दातानं सोडवली.
घंटा एकदाच हलली, आपसूक, अन् गप्प झाली.

फादर आले तेव्हा मेणबत्त्या जळत होत्या
आणि चर्चमध्ये कुणी नव्हतं.
नंतर म्हणाले, मला वाटलं, गाव बुडालं.
आरोळ्यांच्या रोखानं चालत आले,
तोवर घर टेकडीच्या उतारावर होतं,
मागं त्याची जागा पाण्यानं घेतली होती.
त्यांनी झगा वर खोचला. जागा कुठं, विचारलं.
शेपटाकडं, कुणीतरी म्हणालं, वासराशेजारी.

रात्री उकडलेले बटाटे, डुकराचं मांस, सफरचंदाची दारू.
एदेल्मिरानं माझ्यापुढंही ताट ठेवलं,
इतरांच्यापेक्षा जोरात.
दोर माझ्या पायाशी, चिखलानं जड.
तिनं वाकून त्याचं टोक हातात घेतलं, पिळून पाहिलं.
"वाळवून बांध," म्हणाली. "ओला दोर हात सोलतो."

अकरा वर्षं मी तळवे कुणाला दाखवले नव्हते.

दोर तिच्या चुलीपाशी पसरला.
वाळायला आठवडा लागला,
पुढच्या रविवारी घंटा झालीच नाही.
मंडळी आली, थोडी उशिरा,
तिच्या दारावरून, लांबच्या वाटेनं.