कालची तारीख

पहाटे साडेपाचला डेल्मा क्रॉफर्ड
चिमटा आणि चमचा घेऊन कुंपणात शिरते,
चहाचा मग बाहेर, खांबाच्या डोक्यावर ठेवून.
ह्युऑनच्या खोऱ्यातलं धुकं तारांना लोंबतंय.
मागोमाग मी, पिशव्या आणि काळं मार्कर सांभाळत.
“खडकावर पाय देऊ नकोस,” ती म्हणते,
“तो त्यांचा चव्हाटा आहे.”

क्वोल दिसत नाहीत.
मांजराहून लहान, पोटाला पिशवी,
अंगभर पांढरे ठिपके, जणू कुणी
ओला ब्रश झटकलाय.
त्या पोकळ ओंडक्यात झोपलेल्या असतात.
असू देत. आम्हाला त्या नकोच आहेत.
आम्हाला हवं ते त्यांनी रात्रीच टाकून दिलंय.

आदल्या संध्याकाळी वॉलबीच्या खिम्यात
डेल्मा चिमूटभर चकाकी मळते:
हेझलला हिरवी, टॅन्सीला जांभळी,
म्हाताऱ्या मर्फीला सोनेरी,
कारण तो वागतोच तसा.
सकाळी खडकावर जी लेंडी लखलखते
ती कुणाची, हे विचारावं लागत नाही.

जाळं नाही, सुई नाही.
धरलंच, तर धरण्याची भीती रक्तात उतरते
आणि मोजायची ती राहून जाते.
माणसाचं पोटात एक, ओठांत एक.
हेझलच्या ओठांत काहीच नाही, फक्त दात.
जे काय आहे ते पोटातून कळणार,
तेही एक दिवस उशिरा:
आज सापडते ती कालची भीती.

उणे वीस अंशांवर महिनाभर निजवून
ती भीती आम्ही होबार्टला पाठवतो.
तिथे फुओंग लाम ती वाळवते, चाळते,
अर्कात घुसळते, आणि आकडे कळवते.
ग्रॅममागे इतके नॅनोग्रॅम.
तिनं हेझलला कधी पाहिलेलं नाही,
पण फोनवर विचारते, “माझी हिरवी कशी आहे?”

मार्चमध्ये हिरवीची रेघ उभी राहिली.
दर गुरुवारी. म्हणजे दर बुधवारी काहीतरी.
आम्ही शाळेच्या सहलींवर संशय घेतला,
पोरांना फाटकातून परत लावलं.
रेघ हलली नाही.
मग बोअरच्या पंपावर, मग गरुडावर.
शेवटी डेल्मा वहीतून मान वर न काढता म्हणाली,
“बुधवारी मी नसते.”

हे ती ज्या आवाजात म्हणाली
तो मी आधी ऐकला नव्हता.
पुढचे दोन आठवडे ती हेझलच्या ओंडक्यापाशी
जरा जास्त वेळ उभी राहायची,
काही न बोलता,
आपला वास तिथे ठेवून जावा तशी.

निघालं ते असं:
खाद्यवाला रॉस बुधवारी ट्रक लावायचा
तो थेट कुंपणाला टेकवून,
आणि मागच्या हौद्यात त्याची केल्पी कुत्री.
भुंकायचीसुद्धा नाही बिचारी.
नुसती बसायची, आणि वारा तिकडून इकडे.

ट्रक आता पाइनच्या रांगेपलीकडे थांबतो.
एप्रिलअखेर हेझल जागेवर आली.
फुओंगनं कागदावर एक हसरा चेहरा काढून धाडला.
डेल्मानं तो फ्रीझरच्या दाराला चिकटवला.
“तर मी नव्हते,” ती म्हणाली,
आणि हातमोजे उलटे करून धुवायला लागली.

बुधवारी ती होबार्टला कुणाकडे जाते
मी विचारलेलं नाही. तिनं सांगितलेलं नाही.
इथे कुणाला धरून विचारायची पद्धत नाही.

आज गुरुवार. खडकावर हिरवी चकाकी, ताजी.
पिशवीवर मी आजची तारीख लिहितो,
खाली बारीक अक्षरात कालची.
परत येताना बघतो तर
खांबावर चहा तसाच, काठोकाठ,
वर सायीचा पापुद्रा, आणि त्यात
बुडू की नको करणारी एक मुंगी.
मागच्या गुरुवारीही होता.
त्याच्या आदल्याही.