टक्

जून, म्हणजे इथली ऐन थंडी.
मटौरा नदीवर धुकं बसलंय, उठायचं नाव नाही.
गायींच्या पाठींवर पांढरं दहिवर, तोंडापुढे वाफ,
आणि मी दोनशे साठ जणींसाठी
एक दोरी सात पावलं पुढे सरकवायला निघालेय.

दोरी नायलॉनची,
पोटात पोलादाचे सहा केस विणलेली.
खुंटी पायाने दाबायची. जमीन गोठली असेल तर
आधी शिवी, मग हातोडी.
सात पावलं शलगम आजचे.
आठवं पाऊल उद्याचं.
गायींना उद्या दिसतो, त्याचा वासही येतो,
पण मध्ये दोरी आहे.

डबा शेडमध्ये, भिंतीवर.
सेकंदाला एकदा
टक्.

झटका कमी झाला की सगळे तार तपासतात.
बाबा म्हणायचे, जमीन तपास.
तीन सळया पुरल्यात शेडमागे, पुरुषभर खोल,
माती सुकली की वीज परतीची वाट विसरते.
फेब्रुवारीत बाबा तिथे बादलीने पाणी ओतायचे.
माझा भाऊ बादली न्यायचा नाही,
नुसताच जाऊन यायचा
आणि म्हणायचा, देखभाल केली.
तो आता पर्थला असतो.

रावीरीने मला काडी शिकवली.
लांब हिरवी काडी तारेवर टेकव,
मग हळूहळू बोटं तारेकडे सरकव.
मुंग्या आल्या की थांब.
मीटर आकडा सांगतो, तो म्हणाला,
काडी स्वभाव सांगते.

मार्चमध्ये इन्व्हरकार्गिलच्या डॉक्टरीणबाईंनी
बाबांच्या गळपट्टीच्या हाडाखाली एक डबी बसवली.
सोबत एक कागद:
वेल्डिंग, मोठी चुंबकं, विजेचं कुंपण,
यांच्यापासून लांब राहावे.
बाबांनी तो चष्म्याशिवायच वाचला,
घडी करून गमबुटात सरकवला.

तेव्हापासून ते रस्त्यावर उभे राहतात,
फाटकापलीकडे, काठी टेकून.
"कोपऱ्यातला खांब कललाय!"
दिसतंय.
"टेकू दे त्याला!"
देते.
"अगं, त्या बाजूने नाही!"
हे सगळे खांब त्यांनी ठोकलेत,
आई ओंजळीत खिळे घेऊन मागे चालायची,
तेव्हा तिच्या पोटात मी होते असं म्हणतात.

काल म्हणाले, "बंद कर."
कशाला?
"पाच मिनिटं."

मी शेडमध्ये जाऊन बटण खाली केलं.
शांतता इतकी अचानक पडली
की कुत्र्याने मान वर केली.

बाबा फाटकातून आत आले.
खांबाखांबाशी थांबत गेले,
प्लास्टिकच्या प्रत्येक कानाला बोट लावून,
एक फुटका निघाला, खिशात टाकला.
मग हातमोजा काढला
आणि तार मुठीत धरली,
पाळण्याची दोरी धरावी तशी, सैल.
पाच मिनिटांची वीस झाली. मी काही बोलले नाही.

गायी बघत होत्या.
दोनशे एकोणसाठ जणी बघतच राहिल्या.
अठ्ठ्याऐंशी नंबरची, एका शिंगाची म्हातारी, पुढे आली,
बाबांचा हात हुंगला,
हाताशेजारची तार हुंगली,
काहीतरी हिशेब केला,
आणि मान खाली घालून
आठव्या पावलातला शलगम उपटला.

"हैऽऽ" म्हणत मी धावले.
"असू दे," बाबा म्हणाले,
"एकटीच तर आहे."

ते रस्त्यावर पोचेपर्यंत मी थांबले.
म्हातारीला मागे रेटलं, खुंटी सरळ केली,
शेडमध्ये जाऊन बटण वर केलं.

धुक्यातून हाक आली: "लागली का?"
मी वाकून एक काडी तोडली.
ओली होती. दुसरी तोडली.
"लागली," मी ओरडले,
"घरी जा आता, गारठाल."

पण ते गेले नाहीत.
त्या खांबाचं त्यांना अजून सांगायचं होतं.