अकरा ओळी

विल्यांदी. नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
काड्यापेटीच्या जुन्या कारखान्यात वरचा मजला माझा:
दोन खोल्या, मध्ये एक काच, भिंतींना लोकरीची जाड घोंगडी.
तासाला पस्तीस युरो.
चर्चच्या गायकांना उधार.

अकरा वर्षांचं काम एका कंपनीच्या कुलपात होतं.
कंपनी विकली गेली. मग विकत घेणारीही विकली गेली.
नव्या मालकांचं पत्र फार गोड होतं:
दरमहा एवढे भरत राहा,
तुमची ध्वनिमुद्रणं तुम्हाला ऐकू येत राहतील.
माझी. मला.
पत्र शेगडीत घातलं. कागद चांगला होता, झटकन पेटला.

भाचा एरकी म्हणाला, मावशी, एक मोकळं सॉफ्टवेअर आहे.
कुणाच्या मालकीचं नाही, किंवा सगळ्यांच्या.
मी म्हटलं, फुकटचं अंगी लागत नाही.
त्याने घातलंच.

त्याच आठवड्यात सेतोमाहून हिल्या आली, दोन बस बदलून.
ऐंशीच्या पुढची. पिशवीत राईचा पाव आणि स्वतःची उशी.
त्यांच्याकडे एकीने ओळ म्हणायची, बाकीच्या बायकांनी उचलायची.
बाकीच्या आता नाहीत.
ती म्हणायची, आणि तीच उचलायची,
मध्ये थोडी मागे वळून,
जागा करून दिल्यासारखी.
आणि नेमकी श्वास घेते तिथे
टक्.
घासात खडा यावा तसं.

पुन्हा म्हणाल का? मी काचेआडून विचारलं.
ती म्हणाली, पोरी,
आत्ता म्हटलं ते त्यांच्यासाठी.
पुन्हा म्हणेन ते तुझ्या यंत्रासाठी.
तुला चालेल, मला चालणार नाही.

रात्री ती सोफ्यावर झोपली, आपल्या उशीवर.
एरकीने कुठेतरी कळवलं: श्वासाशी आवाज तुटतो.
मी हसले. असं कुणाला कळवून काय होतं?
वीज कंपनीला कळवून बघ.

सकाळी दुरुस्ती आलेली होती.
शेजारी नाव: बाउतिस्ता किलोद्रान, वाल्दिव्हिया, चिले.
त्याच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजून बारा मिनिटं.
अकरा ओळी. मला त्यातलं काही वाचता येत नाही,
एक सोडून, ती माणसांसाठी लिहिलेली होती:
"इथे थांबायला वेळच दिला नव्हता. आता दिलाय.
हात लावू नका, मांजर झोपलंय."

बसला दोन तास होते. हिल्याने दुसरंच गाणं म्हटलं, बर्चच्या सालीचं.
सगळे श्वास शाबूत.
तबकडीवर दोन्ही आहेत.
गिऱ्हाईक खड्याचंच मागतात, काय करू.

बाउतिस्ताला पैसे पाठवायला गेले तर खातं नाही.
पत्ता नाही. आभार लिहावेत तर त्याची भाषा नाही मला.
आणि शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये,
हे तर मला चार वर्षांची असल्यापासून माहीत.

जानेवारीत तळं गोठलं.
दोन मायक्रोफोन घेतले, एक बर्फावर पालथा,
एक भोकातून खाली, काळ्या पाण्यात सोडलेला.
उणे एकोणीस. बोटं माझी राहिली नव्हती.
अकरा वाजता या काठापासून त्या काठापर्यंत
तळं तडकलं:
आधी बारीक, तार सुटल्यासारखं,
मग खालून कुणी कपाट सरकवावं तसं लांबवर,
मग काहीच नाही,
ते काहीच नाही सुद्धा मी पूर्ण चार मिनिटं घेतलं.

एरकीकडून चढवून घेतलं, त्यांच्याच अटींवर:
कुणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं.
खाली त्याच्याकडून स्पॅनिशमध्ये लिहवून घेतलं:
"बाउतिस्तासाठी.
हा तडा दुरुस्त करू नये."

उत्तर आलं नाही. तिकडे उन्हाळा असेल.
फेब्रुवारीत एरकीने नव्या आवृत्तीत दाखवलं,
त्या अकरा ओळींच्या वर आता बारावी आहे:
"मांजर उठलं. बर्फ ऐकतंय."