महिरपी कंसात

चांगामामांच्या नजरेचे काठ गेले.
मधलं उरलंय, ताटलीएवढं.
काचबिंदूवाले डॉक्टर म्हणाले, तेवढं तरी सांभाळा.
दिवाळे गावात त्यांच्या दारात उभी राहिले
की मी दिसते, माझ्या हातातली पिशवी दिसत नाही.

म्हणून एका रविवारी त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसले,
एक कोरी फाइल उघडून.
भरती-ओहोटीच्या पानाला डावीकडे एक रकाना,
उजवीकडे दोन, वर सरकती पट्टी,
खाली कर्ज घ्या, प्लॉट घ्या, पनवेलला राहायला या.
मामांच्या लेखी ते सगळं नव्हतंच.
फक्त हलायचं,
आणि उरलेला डोळा तिकडे ओढायचं.

आधी नाव. मग महिरपी कंस उघडायचा,
आत एकेक ओळ, ओळीशेवटी अर्धविराम.
दिसू नको म्हटलं की दिसत नाही.
जात नाही कुठे, असतं तिथेच,
घरात राहून अबोला धरलेल्या माणसासारखं.
रुंदी कमी केली,
पान होडीसारखं निमुळतं झालं.
जिथे ते हट्टाला पेटलं
तिथे उद्गारचिन्ह ठोकून लिहिलं, महत्त्वाचं.
त्यापुढे पान बांधणाऱ्याचंही चालत नाही.

रंगावर मात्र आमचं वाजलं.
चाळीस वर्षं होड्या रंगवलेला माणूस,
माळ्यावरून डब्याचं झाकण शोधून आणलं,
त्यावर वाळलेला पिवळा.
"यो."
मी फोटो काढला,
फोटोतून रंगाचं सहा अक्षरी नाव काढलं, लिहिलं.
"यो नाय. यो सुकलेला. ओला कसा व्हता?"
ओला कसा होता, मला काय माहीत.
अक्षरांचं शेपूट बदलत राहिले,
जरा तांबूस, जरा लिंबाकडे,
"आता कावीळ झाली त्याला,"
परत मागे.
भानूमामीने चहा दोनदा गरम केला,
तिसऱ्यांदा नुसतीच येऊन बघून गेली.
साडेबाराला म्हणाले, "थांब. हात नको लावू."

गडद निळ्यावर तो पिवळा.
मामा खुर्ची न सरकवता वाचू लागले,
भरती, दुपारी तीन बेचाळीस.
मग ओहोटी. मग उद्याची.
मग परवाची, जिचं त्यांना काही काम नव्हतं.

"आता सगल्यांना असाच दिसतं?"
नाही मामा. तुम्हालाच. याच मशीनवर.
ज्यांनी पान केलं त्यांना पत्ताही नाही.
गप्प बसले.
"मंग कसला गो रंगकाम?
मी मारलेला रंग अख्खी खाडी बघायची."
मला उत्तर सुचलं नाही. फाइल सेव्ह केली,
बेलापूरला जाणारी रिक्षा धरली.

दीड महिन्याने फोन, सकाळी सहाला.
"रंग उडाला."
महापेला नाइट संपवून तशीच गेले.
पान नव्याने बांधलं होतं त्या लोकांनी,
आतली सगळी नावं बदलली होती.
माझे कंस रिकाम्या जागेला हुकूम सोडत होते.
पांढराफेक उजेड,
आणि पनवेलला या, पनवेलला या.

माफ करा म्हटलं, झोपेत, चिडून.
मामा खिडकीकडे तोंड करून होते.
"उडनारच. खाऱ्या पान्यात काय टिकतं?
दर साली खरवडायचा, परत मारायचा."
मग बराच वेळाने,
मी नवी नावं शोधत असताना, मागून,
"होडीच्या बुडाला पन रंग मारतो आम्ही.
तो कोन बघतो?"

मी मान वळवली नाही.
त्यांनी झाकण टेबलावर ठेवलं,
माझ्या कोपराशी,
जिथे त्यांना ते दिसत नव्हतं.
"या टायमाला जरा ओला घे."