वीस पेन्सचा दंड

हल शहरात, होल्डरनेस रोडच्या मागे,
एका चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी चहा असतो.
मी पहिल्यांदा गेले ती कानातली यंत्रं तपासायला.
अकरा म्हातारे, सतरा यंत्रं,
आणि कुणी विनोद केला की हसू
तीन हप्त्यांत येतं.

टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा.
नियम बेरिलचा:
लढाईबद्दल बोलताना जो म्हणेल 'जाऊ द्या आता'
त्यानं डब्यात वीस पेन्स टाकायचे.
रडण्याला दंड नाही. खोटं बोलण्यालाही नाही,
चौकशी करत कोण बसणार.

त्या काळी बातम्यांत हलचं नाव घेत नसत.
'ईशान्य किनाऱ्यावरचं एक गाव', एवढंच.
"बॉम्ब आमच्यावर पडले," विनिफ्रेड सांगते,
"आणि आम्हालाच कळवलं नाही."
मी त्यांना उखाणा म्हणजे काय ते समजावलं,
नाव घ्यायचं नसतं आणि घ्यायचंही असतं.
विनिफ्रेडनं तिथल्या तिथे एक रचला.
यमक नव्हतं, शिवी होती.

मे एकेचाळीस. तिची आई ढिगाऱ्यावर उभी,
आणि पहिला प्रश्न: "माझा केक कुठाय?"
मावशीच्या लग्नाचा. सहा घरांच्या रेशनची साखर.
सापडला. अख्खा.
घरापेक्षा केकच पक्का भाजला होता,
हे वाक्य त्यांच्याकडे साठ वर्षं चाललं,
दर नाताळला, दर बारशाला.
विनिफ्रेड चहात बिस्किट बुडवते,
ते मोडून तळाला जातं.
"दुसरा प्रश्न सिरिलचा होता. माझा भाऊ.
तो शनिवारी सापडला.
केक आम्ही खाल्ला. लग्न होतं ना."

कुणी हसत नाही.
मग कुणाचं तरी यंत्र शिट्टी मारतं
आणि सगळे हसतात.

एकहार्ट ल्यूबेकचा. चाळीस वर्षं इथं, बायको इथली.
"माझ्या वडिलांना," तो म्हणतो,
"बाजारातून परतताना स्वतःची सायकल सापडायची नाही.
त्यांच्या हातात विमानाचा नकाशा दिला होता."
"म्हणजे आम्ही चुकून?"
हशा. बेरिलला ठसका.
एकहार्ट सभ्य माणूस, हशा विरेपर्यंत थांबतो.
वडिलांची वही त्याला पाठ आहे:
'चांदणं स्वच्छ. नदी दिसते. जागा बरोबर.'
विनिफ्रेड त्याच्याकडे बघत राहते.
मग बशी सरकवते.
"कडेचं घे. जळलंय थोडं,
पण इथं त्याची सवय आहे."

आता सगळ्या माना माझ्याकडे.
तुझं कोण होतं?
आजोबा. हैबती. माण तालुक्यातले, मराठा पलटणीतले.
इटलीहून परतले ते एकच शब्द घेऊन.
बैल बुजले की म्हणत, पियानो, पियानो.
रडत्या पोरांना तेच. उतू जाणाऱ्या दुधालाही.
गावानं नाव ठेवलं पियानो आबा,
गावात पियानो पाहिलेला एकही माणूस नसताना.
हॉल खदखदतो. कोपऱ्यातल्या वाद्याकडे बोट करून
कुणी म्हणतं, आमचाही अडून बसलाय, शहाऐंशीपासून.
मी सांगते, तिकडे त्याचा अर्थ 'हळू'.

"शिकवला कुणी?"

एका म्हातारीनं. तिच्या दारावर
आबा बंदुकीचा दस्ता हाणत होते,
आणि ती दोन्ही हात पसरून तेवढंच म्हणत होती.
त्यांना वाटलं, शिव्या देते.
माझ्या वडिलांना त्यांनी हे एकदाच सांगितलं,
मोटेच्या विहिरीवर, पाठमोरे बसून.
दार उघडलं, आणि आत

जाऊ द्या आता, मी म्हणाले. मराठीत.

मराठी तिथं कुणाला येत नाही.
तरी डबा माझ्यापुढं आला.
सुटे नव्हते, पन्नासचं नाणं टाकलं.
पत्र्यावर ते बराच वेळ वाजलं.
"तुझे तीस जमा राहिले," बेरिल म्हणाली,
"अजून दीड वेळा थांबता येईल."
मग कानातलं यंत्र तिनं
बोटानं दाबून नीट बसवलं.
"हं. दार उघडलं."